एफ-वन दाबल्यावर कुठे जायचं?

कृषी सेवा केंद्रांत बियाणं, खतं, औषधं विकली जातात. तिथली बिलं करणारं एक सॉफ्टवेअर आम्ही पुण्यात बनवतो आणि त्याची मराठी मदतपुस्तिका लिहिणं हे माझं काम. पुस्तिका कुणी सलग वाचत नाही, वाचावी अशी अपेक्षाही नाही. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असतं, बिल अडतं, दुकानदार एफ-वन दाबतो आणि समोर जे उघडेल त्याच्या पहिल्या चार ओळींत उत्तर शोधतो. तिथे मिळालं नाही तर तो आमच्या सपोर्टला फोन लावतो, नाहीतर शेजारच्या दुकानदाराला. म्हणजे मजकूर कितीही नेटका असला, तरी माणूस योग्य विभागावर उतरला नाही तर तो वायाच.

मी या कामात आले तेव्हा पुस्तिका सीएचएम फाइलीत होती. विंडोजची ती जुनी मदतखिडकी, डावीकडे अनुक्रमणिका आणि उजवीकडे मजकूर. मायक्रोसॉफ्टने ती १९९७मध्ये आणली. दिसायला ओबडधोबड, पण तिच्या पोटात एक फार शहाणी सोय होती. प्रोजेक्ट फाइलीत दोन तक्ते असत. एका तक्त्यात प्रत्येक विषयाला एक क्रमांक, दुसऱ्यात त्या विषयासमोर प्रत्यक्ष पानाची फाइल. सॉफ्टवेअरला फक्त क्रमांक ठाऊक असायचा. एफ-वन दाबलं की सॉफ्टवेअर ‘१०४२ उघड’ एवढंच सांगे, आणि १०४२ म्हणजे कुठलं पान हे तक्ता ठरवी. मी त्या पानाचं शीर्षक दहा वेळा बदललं, पान दुसऱ्या प्रकरणात नेलं, तरी दुकानदाराला त्याचा पत्ता लागत नसे. ज्या बाईंनी मला हे शिकवलं त्या तक्त्याची वही करून ठेवत आणि एकदा वापरलेला क्रमांक दुसऱ्या विषयाला देऊ देत नसत. विषय रद्द झाला तर वहीत त्यावर रेघ मारायची, क्रमांक मोकळा करायचा नाही.

पुढे पुस्तिका वेबवर आली. साध्या मजकूर-फाइलींत मार्कडाउन पद्धतीने लिहायचं आणि एका साधनाने त्याची पानं तयार करायची, असं ठरलं. माझ्या दृष्टीने हे सुखाचं होतं. सीएचएमच्या त्या संपादकात काम करणं म्हणजे शिक्षा होती. पण या स्थलांतरात तो तक्ता मागे राहिला, कारण नव्या साधनात त्याची गरज नाही असं सगळ्यांना वाटलं. विभागाचा पत्ता साधन स्वतःच बनवतं. वेबपत्त्यात # या खुणेनंतर जे येतं त्याला आम्ही अँकर म्हणतो. पानातल्या ज्या शीर्षकाला तोच आयडी असेल, तिथपर्यंत ब्राउझर पान सरकवतो. इंग्रजी शीर्षक असेल तर साधन त्याची अक्षरं लहान करतं, मोकळ्या जागी आडव्या रेघा घालतं, झाला आयडी तयार.

आमची शीर्षकं देवनागरीत होती. आमचं साधन पायथॉन-मार्कडाउन वापरायचं आणि ते आयडी बनवताना रोमन लिपीबाहेरची सगळी अक्षरं सरळ गाळून टाकायचं. ‘दिवसअखेरचा हिशोब’ यातून शून्य अक्षरं उरत. मग साधन आपलं नुसते क्रमांक देई, _१, _२, _३ असे, पानावरच्या क्रमाने. पहिल्या आवृत्तीत सगळं ठीक चाललं. एफ-वनचे दुवे या क्रमांकांना जोडले, सॉफ्टवेअर दुकानांत पोचलं. पुढच्या हंगामाआधी मी बियाण्यांच्या पानावर, अगदी वरच्या बाजूला, लॉट नंबरविषयी एक विभाग वाढवला. त्याखालचे सगळे क्रमांक एकाने सरकले. उगवणशक्तीबद्दल विचारणारा दुकानदार माल-परतीच्या नियमांवर जाऊन पडू लागला.

हे कळायला वेळ लागला, आणि का लागला ते समजून घेण्यासारखं आहे. पानच हरवलं तर सर्व्हर ४०४ म्हणतो, नोंदवहीत ते उमटतं, सकाळी कुणीतरी पाहतं. अँकर मात्र सर्व्हरकडे जातच नाही. # आणि त्यापुढचं सगळं ब्राउझर स्वतःपाशी ठेवतो, सर्व्हरकडे फक्त पानाचं नाव मागतो. तो आयडी पानात सापडला नाही तर ब्राउझर कसलीही तक्रार न करता पानाचा वरचा भाग दाखवून मोकळा होतो. सर्व्हरच्या लेखी सगळं उत्तम. वाचणारा मात्र चुकीच्या जागी उभा, आणि त्याला वाटतं पुस्तिकाच अशी आहे. पानाचं नाव बदललं तर सर्व्हरवर एक रीडायरेक्ट टाकून भागतं. अँकर बदलला तर सर्व्हरवर काहीच करता येत नाही. आमच्या धंद्यात विभागांच्या नावांकडे दुर्लक्ष होतं त्याचं खरं कारण मला हेच वाटतं. नुकसान होतं, पण आवाज होत नाही.

यावर पहिला उपाय एका तरुण सहकाऱ्याने सुचवला. आयडी बनवायची यूनिकोड चालणारी पद्धत मिळते, ती लावू, म्हणजे देवनागरी शीर्षकाचा देवनागरी आयडी होईल. लावली. आयडी देवनागरी झाले खरे, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं गायब. पायथॉनच्या लेखी मात्रा म्हणजे अक्षर नव्हे, चिन्ह. आणि आयडी बनवणारा कोड चिन्हं काढून टाकतो. ‘स्थापना’चं ‘सथपन’ झालं. एवढ्यावर निभावलं असतं, पण आमच्या पुस्तिकेत एकाच पानावर ‘खाते’ आणि ‘खते’ असे दोन विभाग होते. दोघांचाही आयडी ‘खत’. एकसारखं दुसरं सापडलं म्हणून साधनाने दुसऱ्याला शेपूट जोडलं, खत_१. उधारीचं खातं बघायला निघालेला माणूस युरियाच्या साठ्यात. ऑफिसात यावर आठवडाभर विनोद चालले. सपोर्टच्या माणसांना ते विनोद फारसे आवडले नाहीत.

तेव्हा ठरलं की आयडी यंत्राला बनवू द्यायचाच नाही. प्रत्येक शीर्षकापुढे महिरपी कंसात तो हाताने लिहायचा. मार्कडाउनच्या बऱ्याच साधनांत ही सोय असते, फार कमी लोक वापरतात. शीर्षक हे वाचणाऱ्यासाठी, आयडी हा दुव्यासाठी. शेताला घरचे लोक ‘आंब्याचं वावर’ म्हणोत की ‘खालचा तुकडा’, उताऱ्यावर गट नंबर असतो. पीक बदलतं, मालक बदलतो, नंबर राहतो. सीएचएमच्या काळात आमच्याकडे हेच होतं, फक्त आम्ही ते नाव बदलून पुन्हा शोधून काढलं.

आयडी कोणत्या लिपीत असावा यावर मात्र वाद झाला. पुस्तिका मराठी, मग तिचे पत्ते रोमन का, हा प्रश्न मला पटणारा होता. पण देवनागरी पत्ता बहुतेक ब्राउझरांतून उचलून व्हॉट्सॲपवर टाकला की त्याची काय दशा होते ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८मध्ये तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन खुणांनी लिहिला जातो. ‘इतिहास’ एवढ्या शब्दाच्या ५४ खुणा होतात. आमचे दुवे सपोर्टची माणसं दिवसभर व्हॉट्सॲपवर पाठवतात, काही वेळा फोनवर अक्षरं सांगून टाइप करायला लावतात. तिथे छोटा रोमन आयडीच टिकतो. आग्रहाने देवनागरी ठेवायचाच असेल तर विकिपीडियाचं उदाहरण पाहावं. मराठी विकिपीडियावर विभागांचे अँकर पूर्वी टिंबं आणि आकडे-अक्षरांच्या लांबलचक माळा असायचे. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीने ते स्वच्छ देवनागरी केले, पण करताना जुन्या माळाही पानात तशाच ठेवायची सोय केली. आधीच वाटलेले दुवे त्यामुळे मेले नाहीत. लिपीबद्दल मतभेद असू शकतो. जुनं जिवंत ठेवून नवं आणण्याबद्दल असू नये.

सगळ्यात अवघड प्रसंग आला तो १ जुलै २०१७ला, जीएसटीबरोबर. पुस्तिकेत ‘व्हॅट बिल’, ‘व्हॅट रिटर्न’, ‘व्हॅटचे दर’ असे विभाग जागोजागी होते. मालकांचं म्हणणं सरळ होतं: शोधा आणि बदला, व्हॅटच्या जागी जीएसटी. आयडीही तेच ठेवा, म्हणजे जुने दुवे आपोआप नव्या मजकुरावर येतील, दुवे तुटायचा प्रश्नच नको. ऐकायला हे अगदी सुसंगतपणाचं वाटतं. मी विरोध केला, आणि आजही करीन. दुवा तुटला तर माणसाला निदान कळतं की इथे आपलं उत्तर नाही. दुवा चालू राहिला आणि त्याखाली दुसराच कायदा लिहिलेला असला तर तो ते वाचून तसं वागतो. २०१६-१७च्या व्हॅट रिटर्नसाठी आलेल्या माणसाला जीएसटीचं रिटर्न कसं भरायचं हे सांगणं ही मदत नव्हे. एकदा छापलेला आयडी नव्या विषयाला देऊ नये, हा त्या वहीवाल्या बाईंचा नियम मला तेव्हा पुरता उमगला.

म्हणून जीएसटीला नवे विभाग आणि नवे आयडी मिळाले. व्हॅटचे विभाग मागच्या एका प्रकरणात गेले आणि त्यांचे आयडी जुन्या पानावरही राहिले. जुन्या जागी एक छोटी टीप: हा कर ३० जून २०१७पर्यंतच्या बिलांना लागू, त्याची माहिती अमुक ठिकाणी, नंतरच्या बिलांसाठी तमुक ठिकाणी. वाचणाऱ्याला एक टिचकी जास्त मारावी लागते. मला ती किंमत मान्य आहे, कारण कुठल्या कराबद्दल विचारतोय हे फक्त त्यालाच माहीत असतं.

याच सुमारास मला पोस्टग्रेसक्यूएलच्या डॉक्युमेंटेशनकडे नीट पाहायला मिळालं. आमचं सॉफ्टवेअर त्याच डेटाबेसवर चालतं, त्यामुळे आमची सपोर्टची मंडळी त्यांच्या पुस्तिकेचे दुवे वापरतात. या डेटाबेसच्या डिरेक्टरीत पीजी_एक्सलॉग नावाचं एक फोल्डर असायचं. त्यात व्यवहारांची अशी नोंद असते की जिच्याशिवाय डेटाबेस पुन्हा उभाच राहत नाही. पण नावात ‘लॉग’. डिस्क भरली की कुणीतरी ‘लॉगच तर आहेत’ म्हणून ते फोल्डर रिकामं करी आणि सगळा डेटा घालवून बसे. अखेर २०१७च्या दहाव्या आवृत्तीत त्यांनी त्याचं नाव पीजी_वॉल केलं. त्याबरोबर एक्सलॉग हा शब्द असलेल्या सहायक प्रोग्रामांची नावंही बदलली. नाव बदलायला याहून चांगलं कारण असू शकत नाही. पण जगभरच्या पुस्तकांत, ईमेलांत, स्क्रिप्टांच्या टिपांत जुनीच नावं लिहिलेली होती.

त्यांनी पुढे काय केलं ते मला आदर्श वाटतं. पुस्तिकेच्या शेवटच्या परिशिष्टांत त्यांनी एक परिशिष्ट फक्त कालबाह्य झालेल्या किंवा नाव बदललेल्या गोष्टींसाठी ठेवलं. त्यात जुन्या नावांची पानं अजून आहेत. प्रत्येकावर चार ओळी: हे पूर्वी या नावाने होतं, आता ते अमुक ठिकाणी आहे. बाराव्या आवृत्तीत रिकव्हरीची वेगळी फाइल रद्द होऊन तिचा मजकूर मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये गेला. ती जुनी फाइल राहिली असेल तर सर्व्हर सुरूच होत नाही. त्याचंही पान तिथे आहे. जुना दुवा घेऊन आलेल्या माणसाला हे परिशिष्ट हाताला धरून नव्या दारापर्यंत नेतं, आणि मधे काय बदललं हेही सांगतं. एवढ्या मोठ्या प्रकल्पातही बऱ्याच विभागांचे आयडी मात्र वर्षानुवर्षं यंत्र बनवत होतं आणि आवृत्तीगणिक ते बदलत. २०२३मध्ये आलेल्या सोळाव्या आवृत्तीच्या वेळी त्यांनी सरसकट सगळ्या विभागांना हाताने आयडी दिले. ते वाचून मला जरा बरं वाटलं. आपण एकटेच नव्हतो.

रस्ट भाषेच्या अधिकृत पुस्तकाच्या मूळ फाइलींतही असंच काही दिसतं. शीर्षक बदललं की जुन्या शीर्षकाचा अँकर रिकाम्या खुणेच्या रूपात शेजारीच ठेवलेला असतो, आणि त्यावर संपादकांसाठी टीप की हा काढू नका, दुवे तुटतील. वाचकाला यातलं काहीच दिसत नाही. पुढच्या संपादकाने साफसफाईच्या उत्साहात ते पुसू नये म्हणून ती टीप. आमच्याकडे ही टीप मराठीत आहे आणि थोडी जास्त कडक आहे.

सर्व्हरला अँकर कळत नाही ही अडचण आम्ही शेवटी पानातच सोडवली. प्रत्येक पानावर छोटी स्क्रिप्ट बसवली. आलेला अँकर पानात नसेल तर ती जुन्या-नव्या नावांचा तक्ता बघते आणि सापडला तर वाचणाऱ्याला तिथे नेते. नाही सापडला तर तो अँकर आम्हाला कळवते, बाकी काही नाही. यातून आलेली यादी मला कुठल्याही वाचक-पाहणीपेक्षा उपयोगी वाटते. त्यात स्थलांतराच्या पहिल्या महिन्यातले _३ आणि _४ अजून येतात, म्हणजे ती आवृत्ती कुठेतरी चालू आहे. जतच्या किंवा करमाळ्याच्या दुकानातला संगणक बिलं करत असेल तोवर कुणी त्याला हात लावत नाही, आणि लावूही नये. जीएसटीच्या वेळी आम्ही क्यूआर कोडची कार्डं वाटली होती, ती काउंटरच्या काचेखाली अजून आहेत. दुकानात चिकटलेलं कार्ड अपडेट होत नाही. छापील कार्ड आणि स्थापित प्रोग्राम या दोन्हींसाठी आता आम्ही अँकर वापरतच नाही, स्वतंत्र पानाचा छोटा पत्ता वापरतो, कारण तो सर्व्हरपर्यंत पोचतो आणि सर्व्हरवर त्याचं काहीतरी करता येतं. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे त्रुटी-क्रमांक याच तत्त्वावर चालतात. संदेशातल्या दुव्यात क्रमांक असतो, तो सर्व्हरला कळतो, आणि २०२३मध्ये त्यांची साइट नव्या पत्त्यावर गेली तरी जुने संदेश वाट चुकले नाहीत.

आणखी एक वाट आम्ही गृहीतच धरली नव्हती. आमचा इन्स्टॉलर नवी आवृत्ती टाकताना ‘नवीन काय?’ हा विभाग पुस्तिकेतून उचलून खिडकीत दाखवतो, आणि तो आयडीने नव्हे, शीर्षकाच्या शब्दांनी शोधतो. मार्केटिंगच्या सांगण्यावरून शीर्षक ‘या हंगामाची खास भेट’ झालं आणि खिडकी कोरी आली. युनिक्सवाल्यांना हे नवीन नाही. १९७१च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेपासून प्रत्येक पानावर नाव, वापर, वर्णन, फाइली, उणिवा असे ठरलेले विभाग आहेत, आणि आज्ञांची सूची बनवणारे प्रोग्राम त्यातला नावाचा विभाग शीर्षक वाचूनच शोधतात. ज्यांनी या पानांची भाषांतरं केली त्यांच्यासाठी सूची बनवणाऱ्या प्रोग्रामात त्या शीर्षकाचे अनेक भाषांतले पर्याय भरावे लागले. आम्ही इन्स्टॉलरला आयडी वाचायला शिकवलं. मार्केटिंगला आता हवं ते शीर्षक मिळतं, आणि माझी त्यांच्याशी बरी मैत्री आहे.

कारण शीर्षकं बदलू नयेत असं मी कधीच म्हणत नाही. उलट ती बदलावीत. दुकानदार ज्याला ‘उधारी’ म्हणतो त्याला आम्ही वर्षानुवर्षं ‘येणे बाकी व्यवस्थापन’ म्हणत होतो. दुवे तुटतील या भीतीने असली शीर्षकं जपून ठेवणारे प्रकल्प मी पाहिले आहेत, आणि तो दुवे तोडण्याइतकाच वाचकद्रोह आहे. आयडीत मात्र मी काही गोष्टी येऊ देत नाही: आवृत्तीचा क्रमांक, प्रकरणाचा क्रमांक, ‘नवीन’ हा शब्द, आणि कुठलाही दर. कुणीतरी कराच्या टक्केवारीप्रमाणे विभाग पाडून आयडीतही आकडे घातले होते, ते मी काढायला लावले. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीच्या टप्प्यांची फेररचना होऊन ट्रॅक्टर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, तेव्हा मला फक्त मजकूर आणि शीर्षक बदलावं लागलं. दुवा एकही हलला नाही.

व्हॅटचं प्रकरण पुस्तिकेत अजून आहे. व्हॅटच्या जुन्या थकबाकीसाठी राज्य सरकारने २०१९, २०२२ आणि २०२३मध्ये अभय योजना आणल्या, तेव्हा त्या पानावर अचानक गर्दी झाली. लोक जुन्या कार्डावरचे दुवे घेऊन आले आणि बरोबर जागी उतरले. हे प्रकरण काढून टाकूया का, असं नव्या आवृत्तीच्या बैठकीत दर वर्षी कुणीतरी विचारतं. मी नाही म्हणते, आणि विषय पुढे सरकतो.